ऐकणारे हृदय

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी विषयाचे बंधन घातले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. बंधन असते तर लसीकरणाचे वेळापत्रक किंवा बालदमा यांवर चार पाने लिहून मी मोकळा झालो असतो. तसे लेख उपयुक्त असतात आणि लिहिणाऱ्याला सुरक्षितही असतात. आज जे लिहितो आहे ते तितकेसे सुरक्षित नाही. कारण त्यात माझी एक चूक आहे, आणि आपल्या सर्वांच्या आवडीच्या एका प्रथेला विरोधही आहे.

माझे बालपण धारला गेले आणि व्यवसाय देवासला झाला. या दोन्ही गावांनी मला जे शिकवले, ते समजायला पन्नाशी उलटावी लागली. त्याची सुरुवात एका सत्कारापासून झाली, म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी परप्रांतातील एका संस्थेचे पत्र आले. माझ्या 'दीर्घ वैद्यकीय सेवेची दखल घेऊन' मला राष्ट्रीय स्तरावरचा गौरव देण्याचे त्यांनी ठरवले होते. पत्राच्या दुसऱ्या पानावर, जरा लहान अक्षरांत, नोंदणी शुल्काचा आकडा होता. ती रक्कम मी भरली. कोणी विचारले तर 'संस्थेला देणगी दिली' असे सांगायचे, हेही मनाशी ठरवून ठेवले. समारंभ इंदूरला एका सभागृहात संध्याकाळी होता. दुपारी चारच्या सुमारास निघायचे म्हणून मी दवाखान्यातील फेरी घाईने उरकत होतो.

त्या दिवशी बागलीकडच्या एका मजूर कुटुंबातील दोन महिन्यांचे बाळ दाखल होते. वजन चार किलो. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, धाप लागलेली, दूध ओढताना कपाळावर घाम. निदान स्पष्ट होते. बाळाला डिजॉक्सिन सुरू करायचे होते. बालरोगतज्ज्ञांना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो : हे औषध जितके उपकारक तितकेच जपून द्यायचे असते. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे. पातळ औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये पन्नास मायक्रोग्रॅम असतात. त्या बाळाला एका वेळी वीस मायक्रोग्रॅम, म्हणजे शून्य दशांश चार मिलिलिटर द्यायचे होते. मी पर्चावर दशांश चिन्ह दिले आणि पुढे चार लिहिले. आधीचे शून्य लिहिले नाही. पेनाचा तो ठिपका कागदावर नीट उमटला की नाही, हे पाहायलाही मी थांबलो नाही.

समारंभात फोन बंद ठेवण्याची सूचना होती. मी आवाज बंद करून तो खिशात ठेवला. शाल अंगावर पडली, स्मृतिचिन्ह हाती आले, छायाचित्र निघाले. माझ्या कामाविषयी निवेदकाने जे वाचून दाखवले, ते मीच लिहून पाठवले होते. खाली येऊन फोन पाहिला तेव्हा दवाखान्यातून आलेले पाच फोन नोंदलेले होते. मी फोन लावला. आमच्याकडे बरीच वर्षे काम करणाऱ्या परिचारिकेने तो घेतला आणि शांतपणे म्हणाली, "साहब, दवा नहीं दी है। आप एक बार पर्चा देख लीजिए।"

खरे सांगतो, माझ्या मनात पहिली भावना उठली ती वैतागाची. औषध थांबवायचे हिने का ठरवावे? नंतर तिने वाचून दाखवले : "चार एम.एल. लिखा है." माझ्या हातातील स्मृतिचिन्ह एकाएकी फार जड झाले. चार मिलिलिटर म्हणजे दसपट मात्रा. दोन महिन्यांच्या त्या बाळाच्या हृदयाचे ठोके तिने कसे विस्कळीत केले असते, ते मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवीत आलो आहे.

पुढे कळले ते असे. रात्रपाळीवर नवीन आलेली मुलगी औषध सिरिंजमध्ये भरून पलंगापर्यंत पोहोचली होती. या ज्येष्ठ बाईंनी सिरिंजमधील पातळी लांबून पाहिली आणि 'थांब' म्हटले. इतक्या लहान बाळाला एवढे भरलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. कंपाउंडर म्हणाला, "साहेबांचा आज सत्कार आहे, त्यांना त्रास देऊ नका, लिहिले आहे तसे देऊन टाका." त्यांनी दिले नाही. त्या मला फोन लावीत राहिल्या. मी रागावेन हे त्यांना ठाऊक होते. माझ्या रागाचा अनुभव त्यांना पूर्वी आलेला होता, हे लिहायला मला लाज वाटते.

बाळ सुधारले आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी मोठ्या केंद्राकडे गेले. पण त्या संध्याकाळी काय होता होता राहिले, हे मी त्याच्या वडिलांना सांगितले नाही. ते मात्र जाताना माझ्या पाया पडले. त्यांचा तो नमस्कार आणि इंदूरची ती शाल या दोहोंपैकी कोणतीही वस्तू माझी नव्हती.

या प्रसंगानंतर मी मान आणि प्रसिद्धी यांतील फरकाचा विचार करू लागलो. मला जो फरक जाणवला तो असा : प्रसिद्धी देणाऱ्याला आपले काम तपासता येत नाही, मान देणाऱ्याला येते. इंदूरच्या त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या एकानेही माझा पर्चा कधी वाचला नव्हता. माझा पर्चा रोज वाचणारी बाई पस्तीस किलोमीटरवर फोन लावीत होती आणि तो मला ऐकू येत नव्हता. प्रसिद्धीचा खरा दोष गर्वाचा आहे असे आपण समजतो. गर्व तर आहेच. पण वैद्याच्या बाबतीत त्याहून मोठा दोष हा की ती कान बंद करते.

धारच्या शाळेत असताना गुरुजींनी भोजराजाची एक कथा सांगितली होती, ती या निमित्ताने पुन्हा वाचली. भोज हा अकराव्या शतकातील परमार राजा, धारा ही त्याची राजधानी. वास्तुशास्त्रावर 'समरांगणसूत्रधार', साहित्यशास्त्रावर 'शृंगारप्रकाश', योगसूत्रांवर 'राजमार्तंड' असे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. त्याच्या लढाया आज इतिहासाच्या विद्यार्थ्यांखेरीज कोणाला आठवत नाहीत. त्याच्या अखेरीस शत्रूंनी त्याच्या राज्याला घेरले होते, हेही फारसे कोणी सांगत नाही. लोकांच्या मनात टिकला तो विद्येवर प्रेम करणारा भोज.

ती कथा मात्र भोजाच्या काळची नाही. त्याच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी बल्लाळाने रचलेल्या 'भोजप्रबंध' या ग्रंथात ती येते. त्यात कालिदास, बाण, भवभूती हे सारे भोजाच्याच दरबारात एकत्र बसलेले आहेत, तेव्हा तो ग्रंथ इतिहास म्हणून वाचायचा नाही, हे उघड आहे. कथा अशी : तळ्यात स्नान करताना एक लहानसा मासा नाकावाटे राजाच्या मस्तकात शिरतो. भयंकर डोकेदुखी सुरू होते. दरबारातील वैद्यांचे उपाय हरतात. संतापलेला राजा वैद्यांना राज्याबाहेर घालवण्याची आणि वैद्यकाचे ग्रंथ नदीत टाकण्याची आज्ञा देतो. मग स्वर्गातून अश्विनीकुमार ब्राह्मणवेशाने येतात, मोहचूर्णाने राजाला बेशुद्ध करतात, कवटी उघडून मासे काढतात, कवटी पुन्हा जुळवतात आणि राजाला शुद्धीवर आणतात.

आपल्या वैद्यकीय संमेलनांत ही कथा मी अनेकदा ऐकली आहे. 'मेंदूची शस्त्रक्रिया जगात प्रथम आमच्या धारमध्ये झाली', असे सांगून वक्ते टाळ्या घेतात. कथेचा तो उपयोग मला पटत नाही. कारण तिचा शेवट कोणी सांगत नाही. बरा झालेला राजा पथ्य विचारतो. वैद्य पथ्य सांगू लागतात आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून 'माणसांचे पथ्य' असा शब्द निघून जातो. राजा चतुर आहे. आम्ही माणसे, तर मग तुम्ही कोण, असे म्हणून तो त्यांचे हात धरतो. आणि त्याच क्षणी ते अदृश्य होतात. श्लोकाचा उरलेला चरण पुरा करण्याचे काम ते कालिदासावर सोपवून जातात.

म्हणजे ओळख पटण्याची वेळ आली तेव्हा वैद्य निघून गेले. रोगी बरा झाला होता, पथ्य सांगून झाले होते. पुढचे शब्द दुसऱ्याने पुरे केले तरी चालणार होते. बल्लाळाने हे उपदेशासाठी लिहिले नसेल. त्याला चमत्कृती साधायची असेल. परंतु वैद्यक जाणणाऱ्या वाचकाला त्यात आपल्या व्यवसायाचे एक चित्र दिसावे. आपण मात्र त्या अदृश्य झालेल्या वैद्यांना हाताला धरून व्यासपीठावर बसवतो आणि त्यांच्या नावाने स्वतःलाच हार घालून घेतो.

धारचा राजा दंतकथेतला आहे. देवासचे उदाहरण मात्र आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. संस्थानी काळात देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती होत्या. दोघांनाही पंधरा-पंधरा तोफांची सलामी. एका गावात दोन राजे आणि दोन दरबार. त्या तोफांचा आवाज आज कोणाच्याही कानात नाही. देवासचे नाव जगभरच्या रसिकांच्या तोंडी राहिले ते एका आजारी माणसामुळे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावी येथे झाला. लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांचे गाणे ते हुबेहूब गाऊन दाखवीत. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्यांना बालवयातच मिळाली आणि अकरा-बारा वर्षांच्या वयात मुंबईच्या जाणत्या श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या टप्प्याचे नेहमी भय वाटते. दुसऱ्याचे गाणे बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला जग जेव्हा टाळ्या देते, तेव्हा त्याने तसेच म्हणत राहावे अशीच सर्वांची इच्छा असते. प्रा. बी. आर. देवधरांसारखा गुरू लाभला हे त्यांचे भाग्य.

मग ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८च्या आरंभी ते कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, असे वैद्यांनी बजावले होते. सुमारे पाच वर्षे ते गाऊ शकले नाहीत. पत्नी भानुमतीबाई स्वतः गाणे जाणणाऱ्या; पण त्यांनी शाळेत नोकरी केली, घर चालवले आणि शुश्रूषा केली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाले आणि रोग आटोक्यात आला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. १९५३मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा त्यांचे गाणे बदललेले होते.

ते कशाने बदलले, हा संगीतज्ञांचा प्रांत आहे. मला, एका वैद्याला, त्यात एक साधी गोष्ट दिसते. त्या पाच वर्षांत त्यांना गाता येत नव्हते. ऐकता येत होते. माळव्यातील बायका लग्नकार्यांत, ऋतूंच्या सणांत जी गाणी म्हणत, ती खाटेवर पडून त्यांनी ऐकली. शीलनाथ महाराजांची धुनी ज्या देवासमध्ये आहे, त्या देवासच्या रस्त्यांतून नाथपंथी गायक कबीराची निर्गुणी भजने गात जात. तीही त्यांनी ऐकली. ज्यांना कोणी कलावंत म्हणत नव्हते त्यांच्यापुढे हा पदवीधारी गंधर्व शिष्य झाला. लोकधुनांतून घडवलेले त्यांचे राग आणि त्यांची निर्गुणी भजने यांचे मूळ त्या ऐकण्यात आहे.

पुढे कीर्ती आली. १९७७मध्ये पद्मभूषण, १९९०मध्ये पद्मविभूषण. पण त्यासाठी त्यांनी देवास सोडले नाही. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घराला १९६१मध्ये निवर्तलेल्या भानुमतीबाईंचे नाव लाभले, आणि १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांचा क्षय बरा करणाऱ्या वैद्यांची नावे त्यांच्या किती श्रोत्यांना ठाऊक असतील? ते वैद्य आपले अश्विनीकुमार होत.

स्ट्रेप्टोमायसिनची कथाही येथे आठवते. १९४३मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाने ते वेगळे केले. शोधाचे श्रेय आणि त्याचे उत्पन्न कोणाचे, यावरून १९५०मध्ये शिष्याने गुरूवर दावा लावला. तडजोडीत शाट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली. १९५२चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांना दिले गेले. त्याच वर्षांत तेच औषध देवासमध्ये एका खाटेशेजारी निमूटपणे आपले काम करीत होते. रोग्याच्या फुप्फुसाला श्रेय कोणाचे ते कळत नाही.

मग शहाणपण म्हणायचे कशाला? भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत पहिले लक्षण 'अमानित्व' हे आहे, म्हणजे मानाची अपेक्षा नसणे. आणि दुसरे 'अदंभित्व'. ज्ञानेश्वर महाराजांनी या पहिल्या शब्दावरच विस्ताराने लिहिले आहे. बायबलमध्ये शलमोन राजाची गोष्ट आहे. स्वप्नात देवाने 'हवे ते माग' म्हटल्यावर त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धन किंवा शत्रूंचे प्राणही मागितले नाहीत. त्याने जे मागितले त्यासाठी मूळ हिब्रूत जे दोन शब्द आहेत, त्यांचा शब्दशः अर्थ 'ऐकणारे हृदय' असा होतो. त्यानंतर लगेच त्याच्यापुढे जो पहिला खटला येतो तो एका तान्ह्या बाळाचा. दोन स्त्रिया त्यावर हक्क सांगतात, आणि खरी आई कोण ते राजाला तिच्या एका वाक्यातून ऐकू येते. आपण वैद्य गळ्यात स्टेथॉस्कोप घालून दिवसभर हृदये ऐकतो. आपले हृदय किती ऐकते, हे मोजण्याचे यंत्र मात्र अद्याप निघालेले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मला खोटा वाटत नाही. एका तरुण सहकाऱ्याने मला तो तोंडावर ऐकवला : "सर, तुमचे नाव झाले आहे, म्हणून तुम्हांला हे बोलणे सोपे. इंदूरची मोठी रुग्णालये आमच्या गावात फलक लावतात. आमचे नाव कोणाला कळलेच नाही तर कर्जाचे हप्ते कोण भरणार?" त्याचे म्हणणे रास्त आहे. रोग्याला आपला पत्ता, आपली पदवी आणि आपल्या वेळा कळायलाच हव्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनीही तेवढी मुभा ठेवली आहे. निषिद्ध आहे ती आत्मस्तुतीची जाहिरात. तरुणाने पाटी लावावी. पाटीवर नसलेला गुण मात्र लावू नये. शिवाय माझे नाव झाले होते, हेच तर त्या संध्याकाळच्या चुकीचे कारण होते. नाव नसते तर मी दवाखान्यातच असतो.

दुसरा आक्षेप असा की चांगल्या कामाचा गौरव झालाच नाही तर समाजापुढे आदर्श कोणता? यालाही माझा विरोध नाही. इंदूरच्या डॉ. भक्ती यादव यांनी साठ वर्षांहून अधिक काळ स्त्रियांची सेवा केली. २०१७मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या असताना, मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. ते कपाने पाजण्याचे काम त्यांनी रोग्यांच्या नातेवाइकांवर विश्वासाने सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३मध्ये, मृत्यूनंतर. हे सन्मान कामाच्या मागून आले, आणि फार उशिरा आले. ते आले नसते तरी त्या जलसंजीवनीने जगलेली मुले जगलीच असती. काम आधी आणि मान मागून, हा क्रम असेल तर मान निरुपद्रवी असतो. आपण तो क्रम उलटा करतो, हे माझे दुःख आहे.

आता आपल्या मंडळाविषयी. आपल्या वार्षिक संमेलनाचा बराच वेळ सत्कारांत जातो, हे कार्यक्रमपत्रिका पाहिली तरी कळेल. मी तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली : शुल्क भरून मिळणारा कोणताही गौरव सभासदाने घेऊ नये, आणि घेतला असेल तर तो रोग्यांच्या प्रतीक्षागृहात लावू नये. माझ्यापासून सुरुवात केलेली आहे.

दुसरी : दर दोन महिन्यांनी आपण एक बंद बैठक घ्यावी. तीत प्रत्येकाने फक्त स्वतःची एक चूक सांगावी, तीही रोग्याचे नाव न घेता. होता होता टळलेला अनर्थ असला तरी चालेल. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने आपली सेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून आपण चुकांविषयी एकमेकांशीही बोलेनासे झालो. भीती समजण्यासारखी आहे. पण न सांगितलेली चूक दुसऱ्या दवाखान्यात दुसऱ्या बाळासाठी तशीच उभी राहते. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचे, हा नियम पाठ्यपुस्तकात आहे. तो मला कळला मात्र त्या पाच फोनांनंतर. या बैठकीला परिचारिका, कंपाउंडर आणि औषधविक्रेते यांनाही बोलवावे. आपले पर्चे वाचतात ते हेच लोक.

तिसरी सूचना बहुतेकांना रुचणार नाही. आपण दरवर्षी सभासदांच्या गुणवंत पाल्यांचा सत्कार करतो. त्यांत कमी गुणांची मुले मागच्या रांगेत आईवडिलांच्या शेजारी बसलेली असतात. व्यासपीठावरच्या मुलांपेक्षा माझे लक्ष त्यांच्याकडे जाते, कारण पोटदुखीची आणि झोप न येण्याची तक्रार घेऊन परीक्षेच्या महिन्यांत तीच माझ्याकडे येतात. व्यासपीठावरची मुलेही पुढे येतात, थोडी उशिरा. ज्या मुलाला टाळ्यांची सवय आपण दहाव्या वर्षी लावतो, तो मुलगा पन्नासाव्या वर्षी शुल्क भरून टाळ्या विकत घेईल, याचा पुरावा हा लेख लिहितो आहे. धारच्या शाळेत मीही पहिला येत असे. हा सत्कार आपण बंद करावा आणि त्या वेळात सगळ्या मुलांना एकत्र बसवून काही चांगले ऐकवावे. आपल्या गावात ऐकवण्यासारखे काय आहे, हे मी वर लिहिलेच आहे.

त्या परिचारिका आता निवृत्त झाल्या आहेत. निरोपाच्या दिवशी मी त्यांचा सत्कार करायला निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या की शाल नको, त्यापेक्षा नव्या मुलींना डॉक्टरांना फोन करायची मुभा असू द्या, कितीही वाजले असले तरी. दवाखान्यात तेव्हापासून तसा नियम आहे. परिचारिकेला शंका आली तर औषध थांबते आणि फोन येतो. कधी रात्री दोन वाजता येतो, आणि दहांतील नऊ वेळा पर्चा बरोबरच असतो. मी उठतो, ऐकतो, बरोबर आहे म्हणून सांगतो आणि फोन केल्याबद्दल आभार मानतो. हे आभार मानायला मला फार उशिरा जमले.